तुझ्या पानाच्या फळ्या काढल्या, सुमन

सुमन, तू गेल्यावर मी पहिलं काम केलं ते चांगलं नव्हतं. तुझा लॅपटॉप लपवला. तुझ्या जुन्या पातळात गुंडाळून तांदळाच्या पिंपात घातला, झाकण लावलं नि वर वरवंटा ठेवला. माणसं अजून ओसरीवर बसलेली होती, आपली पोर प्रज्ञा आत चहा गाळत होती. माझ्या डोक्यात एवढंच, की तो कॉम्प्युटर क्लासवाला विलास सर येईल, लॅपटॉप मागेल, नि मला तो द्यायचा नाय.

आला ना. पुण्यानुमोदनाच्या दिवशी मुरबाडवरून पांढरी फुलं घेऊन आला. वंदना होईपर्यंत मागे उभा राहिला. मग माझ्याजवळ येऊन हळू बोलला, "दादा, ताईंचं वेबवरचं पान अर्धवट राहिलंय. फाइल मिळाली तर मी पुरं करीन."

मी म्हटलं, "लॅपटॉप पोरीनं कल्याणला नेला."

पोरगी चार हातांवर उभी. तिनं ऐकलं, माझ्याकडे बघितलं, नि रिकामे कप उचलून आत गेली. तुझीच पोर.

वस्तीतली माणसं तुझ्या नावानं छोटी पुस्तिका काढतायत. अंगणवाडीत तू किती वर्षं होतीस, किती पोरांना तू भात भरवलास, ते बाकीच्यांनी लिहिलंय. चांगलं लिहिलंय. मला म्हणाले, तुमीबी लिहा. मी चौथी शिकलेला, सेंट्रिंगवाला माणूस. मला गोड लिहिता येत नाय. जे पोटात आहे ते लिहितो. मी तुझ्यावर जळत होतो, सुमन. तुझ्यावर म्हणजे त्या लॅपटॉपवर, त्या विलासवर, नि तुमच्या दोघांच्या त्या भाषेवर, जिच्यात मला बसायला जागा नव्हती.

तू रिटायर झालीस तेव्हा मला वाटलं होतं, आता ही माझी. दुपारी जेवून दोघं ओसरीवर बसू, आल्यागेल्याला हाका मारू. तर प्रज्ञानं तिचा जुना लॅपटॉप तुला दिला, आणि त्यात ते फांद्यांचं सॉफ्टवेअर घालून दिलं. त्याला आउटलाइनर म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. एक ओळ लिहायची, तिच्या पोटात दुसरी, तिच्या पोटात तिसरी. डावीकडच्या बारक्या त्रिकोणावर दाबलं की पोटातलं सगळं मिटतं, परत दाबलं की उघडतं. त्यात तू रानभाज्या लिहायला बसलीस. डोंगरावरची एकेक भाजी: ओळखायची कशी, खुडायची कधी, शिजवायची कशी, कोणी खायची नाय. "आपल्या पोरी कल्याण-कुर्ल्याला गेल्या," तू म्हणायचीस, "त्यांना बाजारात भाजी दिसते, पण तिचं करायचं काय ते सांगायला कोण नाय." ते सगळं वेबवर टाकायचं, पोरी फोनवर उघडतील, असं तुझं चाललेलं.

इथपर्यंत मला काय म्हणायचं नव्हतं. पण दुपारी मी पाणी प्यायला आत आलो की तू झटकन एखादा त्रिकोण दाबायचीस. काहीतरी मिटवायचीस. एकदा नाय, दहादा बघितलं मी. विचारलं तर म्हणायचीस, "काय नाय हो, असंच." चाळीस वर्षं सोबत राहिलेल्या बाईनं 'असंच' म्हटलं की नवऱ्याला काय वाटतं, ते तुला ठाऊक होतं का?

आणि वर तो. प्रज्ञा त्याच्या क्लासला होती, तेवढीच ओळख. पण तुझा फोन रोज त्याला. फोन स्पीकरवर, हात लॅपटॉपवर. "ताई, एक्सपोर्ट करून बघा." "केलं सर, परत घाण आली." "कुठल्या लेव्हलला?" आणि मधेच दोघांचं हसू. एक्सपोर्ट म्हणजे हापूस परदेशात पाठवतात ते, एवढंच मला माहीत. मी ओसरीवर बसून मुद्दाम मोठ्यानं खोकायचो.

एकदा चिडून आत आलो. "लिहून झालंय ना? मग दे की पाठवून! रोज रोज त्याच्याशी कसला खल?"

तू रागावली नाय. लॅपटॉप माझ्याकडे फिरवलास. "बघा. ही माझी ओळ. आणि ही तिच्याभोवती सॉफ्टवेअरनं लावलेली घाण." खरंच की. 'भारंगी' एवढा एक शब्द, नि त्याच्या आजूबाजूला इंग्रजी अक्षरांचं रान. अक्षर केवढं, रंग कुठला, डावीकडून किती आत, सगळं एकेका शब्दाला चिकटवलेलं.

"तुमी स्लॅब टाकता, तो सुकला की खालच्या फळ्या काढता ना?" तू विचारलंस.

"न काढून कसं चालंल?"

"ह्याला फळ्या काढता येत नाय. माझ्या फांद्यांचं वेबचं पान करून देतं, पण फळ्या, बल्ल्या, खिळे, सगळं खाली तसंच लटकत ठेवून. आणि दुसरं बघा. नुसतं अक्षर मोठं नि जाड केलं म्हणून मथळा होत नाय. डोळ्याला मथळा दिसतो. आतून ती साधीच ओळ. त्याला आतून खूण करावी लागते, की बाबा, हा मथळा, ही यादी, ह्या पायऱ्या."

मी म्हटलं, "म्हणजे भिंतीवर प्लास्टरचा पट्टा काढायचा नि मालकाला सांगायचं, हा बीम आहे."

तू माझ्याकडे बघतच राहिलीस. मग हसलीस, पहिल्यासारखी, तोंडावर पदर घेऊन. मला वाटलं, जिंकलो. आणि पुढच्या क्षणाला तू फोन उचललास. "सर, आमचे हे काय बोलले ऐका!"

माझी गोष्ट होती ती. मी तुला दिलेली. तू ती त्याला दिलीस.

मग शकूचं झालं. शकू म्हणजे माझ्या चुलतभावाची बायको, हे मी पुस्तिका वाचणाऱ्यांसाठी लिहितो, तुला सांगायला नको. कुर्ल्यात वाढलेली, नवरा रिटायर झाल्यावर किन्हवलीला आली. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले, पण चूल सोडली नाय. तिचा फोन तिला पडद्यावरचं सगळं बोलून दाखवतो. तुझं पहिलं पान वेबवर लागलं तेव्हा सगळ्यात आधी तिनं ऐकलं, नि त्या ऐकण्यावर शेवळं शिजवली.

संध्याकाळी तिचा फोन आला. "वैनी! घसा खाजतोय गो! जीभ जाड झालीय. काकडं घालायची तू सांगितलीच नाय!"

"सांगितलीत की! लाल चौकटीत लिहिलंय, पायऱ्यांच्या शेजारीच!"

"मला लाल कुटून दिसणार?"

तू खाली बसलीस. डोळस माणसाला ती चौकट पायऱ्यांच्या बाजूला दिसत होती. पण आतून ती पानाच्या पार शेवटी पडलेली. शकूच्या फोननं पायऱ्या वाचल्या, तिनं ऐकल्या, फोन बंद करून भांडं चुलीवर ठेवलं. इशारा राहिला शेवटी, ऐकणाराच नाय. आपल्याकडच्या शेंबड्या पोरालापण ठाऊक असतं की काकडाचं आंबट फळ घातल्याशिवाय शेवळाची खाज मरत नाय. पण तू तर पान लिहिलेलंस ज्यांना ठाऊक नाय त्यांच्यासाठी.

त्या दिवसापासून तू पेटलीस. सगळ्या फांद्या परत लावल्यास. भाजीचं नाव मथळा. इशारा पहिल्या पायरीच्या आधी, त्याला त्याची खूण. पायऱ्या आकड्यांच्या यादीत. मग कच्चं पान शकूला पाठवायचीस, नि फोन लावून तिच्या फोनकडून वाचून घ्यायचीस. एकदा तो वाचायला लागला, "एक, एक. दोन, दोन. तीन, तीन." तू हातानं आकडे घातलेले नि यादीनंपण स्वतःचे घातलेले. शकू हसून हसून लोळली. "वैनी, तुझं पान तोतरं झालंय!"

मी ओसरीवरून ऐकत होतो. मलापण हसू आलं. पण आत येऊन हसलो असतो तर तुमच्यात सामील झाल्यासारखं झालं असतं, म्हणून नाय आलो. असा मी.

आता ते भांडण. ते अजून पुरं झालेलं नाय, म्हणून लिहायला पाहिजे.

जेवताना तू विचारलंस, "अहो, तुमची आई भारंगीचं पाणी कितीदा टाकायची?"

मी म्हटलं, "तुझ्या विलासला विचार."

तू भात संपवलास. मग म्हणालीस, "उद्या मुरबाडला जायचंय सरांकडे. शेवटचं बसून करायचंय. तुमीबी चला."

"मी कशाला? तुमच्या दोघांत माझं काय काम?"

"काम आहे म्हणून तर बोलावते."

"तू जा," मी म्हटलं, "नि तिथंच राहा."

हे वाक्य मी बोललो. ज्या बाईनं माझ्या आईचं शेवटपर्यंत केलं तिला बोललो. तू ताट उचललंस, मोरीवर गेलीस, नि पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. दुसऱ्या दिवशी तू मुरबाडला गेली नाय. लॅपटॉपपण उघडला नाय. म्हसाच्या जत्रेला गेलो तर सगळ्या जत्रेत तू माझ्याशी चार शब्द बोललीस. घोंगडीवाल्याकडे एक काळी घोंगडी हातानं चाचपून बघितलीस. मी म्हटलं, घेऊया. तू म्हणालीस, नको. मी परत म्हणायला पाहिजे होतं. एकदा अजून म्हटलं असतं तर तू घेतली असतीस, मला ठाऊक आहे तुझं. आणि मग तो ताप आला.

भांडण मिटलं असं मी लिहिणार नाय. तू पाणी मागितलंस, मी दिलं. तू माझा हात बाजूला केला नाय. तेवढंच झालं.

त्यानंतर लॅपटॉप पिंपात, नि मी रोज त्याच्या बाजूनं मापानं तांदूळ काढतोय. काढताना मनात म्हणायचो, आता बोल त्याच्याशी. बोल की.

मध्यंतरी शकूचा फोन आला. "दादा, बाजारात शेवळं आलीत."

"बरं मग?"

"वैनीनं सांगितलं होतं, यंदा पान बरोबर वाचंल. पण ते जुनंच पान लागलंय अजून. काल माझ्या भाचीनं कुर्ल्यात उघडलं. इशारा अजून शेवटीच."

"लॅपटॉप प्रज्ञाकडे आहे."

"पिंपात आहे. प्रज्ञानं सांगितलंय मला. उंदीर लागतील त्याला, दादा."

मी पिंपावरच्या वरवंट्याकडे बघितलं.

"पानाच्या खाली वैनीचं नाव आहे," ती म्हणाली. "उद्या कुणाचं पोर घसा धरून रडलं तर तिच्या नावानं शिव्या देतील. तुमी विलास सरांवर रुसा, मला काय. पण शिव्या सरांना नाय पडायच्या."

त्या आंधळ्या बाईला जे दिसलं ते मला तोपर्यंत दिसलं नव्हतं. मी त्याच्या तोंडावर दार लावत होतो, नि दारात उभी तू होतीस.

सकाळी लॅपटॉप काढला, पिशवीत घातला, सापगावच्या फाट्यावरून मुरबाडची एसटी धरली. किन्हवलीला गाडी थांबली तेव्हा वाटलं, शकूला सोबत घ्यावं. नाय घेतलं. ज्यानं घाण केली त्यानं एकट्यानं काढावी.

विलास सरानं दार उघडलं. त्यानं लॅपटॉप उघडला तर बटणांमधून तांदूळ पडला. त्यानं एकेक दाणा उचलून बशीत ठेवला, विचारलं काय नाय. त्याची बायको चहा घेऊन आली. त्याला बायको आहे हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. की मीच कधी विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "ताई आल्या की आधी माझ्याकडे स्वयंपाकघरात बसायच्या, मग कॉम्प्युटरकडे." माणूस वाईट नाय, सुमन. हे मला अजून आवडत नाय, पण वाईट नाय.

फाइल उघडली. सगळे त्रिकोण मिटलेले. त्यानं शेवळं उघडलं. ओळख. इशारा. पायऱ्या. आणि त्याखाली एक करडी ओळ, त्रिकोणासकट मिटलेली. मी ती वाचली. मग परत वाचली.

'ह्यांना विचारणे.'

त्यानं त्रिकोण दाबला. 'सासूबाई काकडं ठेचून घालायच्या की उकडून? विचारलं. ठेचून, बी काढून.'

टाकळ्याखालीपण तेच. 'ह्यांना विचारणे: कोवळा कुठवर समजायचा? विचारलं. फूल धरायच्या आधी.' कुरडूखाली. करटोलीखाली. माझ्या आईचं, माझ्या डोंगराचं, जे मी जेवताना, दाढी करताना, कंटाळून बोललेलो, ते सगळं. मी आत आलो की तू हे मिटवायचीस. मला मेल्याला वाटायचं, काय तरी त्याचं आहे.

"मिटवायची कशाला पण?" मी मोठ्यानं बोललो.

विलास सर म्हणाला, "ताई म्हणायच्या, ह्यांना कळलं की मी लिहून घेतेय, तर हे बोलायचंच बंद करतील."

बरोबर आहे. केलं असतं.

"तुमाला किती दिवस ठाऊक?"

"पहिल्यापासून."

बघ, म्हणजे तिथंपण तो माझ्या आधी. तेवढं जळून घेतलं.

मग त्यानं भारंगी उघडली. तिथं लिहिलेलं होतं: 'ह्यांना विचारणे: पाणी कितीदा टाकायचं? विचारलं. रागात आहेत. परत विचारणे.'

सर दुसरीकडे बघत बसला. पंख्याकडे.

"दोनदा," मी म्हटलं.

"काय?"

"भारंगीचं पाणी. दोनदा टाकायचं. दुसऱ्यांदा पिळून. लिहा."

त्यानं लिहिलं. खाली अजून होत्या तशा राहिलेल्या नोंदी, सगळ्यांना मी बसून उत्तरं दिली. जेवायची वेळ टळली. त्याची बायको दोनदा डोकावून गेली. मला मुरबाडला का न्यायचं होतं तुला, ते तिथं खुर्चीवर बसून कळलं. माझं काम होतं. तू तेच म्हणालेलीस, माझ्याच तोंडावर.

मग त्यानं एक्सपोर्ट केलं, तुझ्याच ठरवलेल्या खुणांनी. मला पान आतून दाखवलं. इंग्रजी मला वाचता येत नाय, पण उघडं बांधकाम मला कळतं. मथळा, त्याच्याखाली इशारा, त्याच्याखाली पायऱ्या. मधे काय लटकत नाय, काय चिकटलेलं नाय. माझ्या उभ्या उमरीत मी असा साफ स्लॅब दोन-तीनदाच बघितला असेल. आणि तुझ्या त्या करड्या ओळी कुठंच नव्हत्या.

"त्यांना ताईंनी न दिसण्याची खूण केलीय," सर म्हणाला. "फाइलमध्ये राहतात, पानावर येत नाहीत."

नवं पान वेबवर लावून शकूला फोन लावला. तिनं तिच्या फोनला वाचायला लावलं. तो बायकी आवाज ठामपणे बोलला, मथळा, शेवळं. मग, इशारा, काकडं घातल्याशिवाय शिजवू नये. मग पायऱ्या, एक, दोन, तीन.

शकू म्हणाली, "तोतरेपणा गेला, दादा." आणि रडायला लागली. मग मी.

उठताना विलास सर म्हणाला, "दादा, खाली तुमचंही नाव टाकू का? निम्मी माहिती तुमची आहे."

खोटं कशाला बोलू, मोह झाला. वेबवर, तुझ्या नावाच्या शेजारी माझं, आणि त्याचं नाय. तोंडापर्यंत आलेलं. पण तू ज्या ओळींना न दिसण्याची खूण केलीस त्या तू विचार करून केल्यास.

"नको," मी म्हटलं. "फळ्या काढा."

"आणि मूळ फाइल? माझ्याकडे ठेवू?"

"फाइल मी घरी नेणार," मी म्हटलं. "आमच्या धंद्यात स्लॅब मालकाचा. फळ्या आमच्या."

आता लॅपटॉप पिंपात नाय. ओसरीवर, तू जिथं बसायचीस तिथं असतो. दुपारी जेवून मी तो उघडतो, एका बोटानं. पान कुर्ल्यातल्या पोरींचं, शकूचं, सगळ्यांचं. ह्या करड्या ओळी माझ्या एकट्याच्या. सगळे त्रिकोण मी मिटवून ठेवतो, तुझ्यासारखे. भारंगीचा तेवढा उघडा ठेवलाय. सरानं उत्तर लिहिलं, पण तुझे ते दोन शब्द मी त्याला खोडू दिले नाय. 'परत विचारणे.'

आता रागात नाय गो. विचार.